चर्चमध्ये जात नाही, मग दाखला कशाला? दलित ख्रिश्चनांच्या प्रश्नाचा दोन्हीकडचा हिशेब

धर्म बदलला की जात सुटते का? या एका प्रश्नावर देशातल्या लाखो दलित ख्रिश्चनांच्या सवलती अडकल्या आहेत. यासंबंधीच्या याचिका २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत दिली आणि पुढे ती वाढवली.

मूळ गाठ आहे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात. हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीचा मानायचं नाही, असं तो सांगतो. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिश्चन आणि मुसलमान बाहेरच राहिले.

याचा अर्थ नगर-जालन्याकडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एकाच वस्तीतले दोन चुलतभाऊ धरा. एकाच्या आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, दुसऱ्याच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. पहिल्याच्या नातवाला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, दुसऱ्याच्या नातवाला ओबीसीचा. तोच माणूस तेलंगणात असेल तर बीसी-सी गटात, तिथे वाटा एक टक्का. गावकऱ्यांच्या नजरेत मात्र दोघांचं आडनाव तेच, वस्ती तीच.

प्रश्न फक्त नोकरीचा नाही. अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघात दलित ख्रिश्चन उभा राहू शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ख्रिश्चन झालेल्या एका पास्टरला अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नाकारलं. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. श्रद्धा ख्रिस्ती आणि दाखला हिंदू, हे केवळ आरक्षणासाठी चालणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. म्हणजे श्रद्धा उघड सांगितली की दाखला जातो आणि दाखला ठेवायचा तर श्रद्धा लपवावी लागते. खरं बोलणाऱ्याचं नुकसान करणारा हा नियम आहे.

सरकारची बाजू अशी की ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही, म्हणून सवलतीचा प्रश्न येत नाही. पण जात तर बौद्ध धम्मातही नाही आणि शीख धर्मातही नाही. तिथे समाजातली वागणूक बघितली, इथे धर्मग्रंथ बघितला. एकाच कामाला दोन मापं कशी? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात ही धर्माची अट काढा असंच सुचवलं होतं. केंद्राने तो अहवाल स्वीकारला नाही.

आता दुसरी बाजू. देवापुढे दास आणि मालक असा भेद उरत नाही, ही पौलाची शिकवण चर्चमध्ये नेहमी वाचली जाते. प्रत्यक्षात तमिळनाडूत दलितांची कबरस्तानं वेगळी ठेवल्याचे दाखले आहेत. गोव्यात बामण, चारडो, सुदिर हे भेद लग्न जुळवताना आजही ख्रिस्ती घरांत निघतात. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या मनातलं सोवळं किती हळूहळू गेलं ते प्रांजळपणे लिहिलंय. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या धोरणात चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे लेखी मान्य केलं. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले. दलित समाजातले ते पहिलेच. ही आनंदाची गोष्ट खरी, पण पहिला कार्डिनल व्हायला एवढी वर्षं का लागली, हेही विचारायला हवं.

चर्चची अडचण इथेच आहे. कोर्टात सांगायचं, आमच्यात जातीचे चटके आहेत. रविवारी सांगायचं, आमच्यात जात नाही. पहिलं वाक्य वस्तुस्थिती आहे, दुसरं ध्येय आहे. दोन्ही एकाच व्यासपीठावरून स्पष्ट बोलली तरच मागणीला नैतिक वजन येईल. १९८५ च्या सूसाई खटल्यात न्यायालयाने हाच पुरावा मागितला होता: धर्मांतरानंतरही तेवढीच झळ बसते हे दाखवा. तो पुरावा चर्चच्याच दप्तरात आहे. मिशनच्या शाळा-कॉलेजांत दलित ख्रिश्चनांना किती प्रवेश, किती नोकऱ्या, व्यवस्थापनात किती जागा, हे आकडे मंडळींनी स्वतःहून जाहीर करावेत. त्यासाठी कुठल्या आयोगाची वाट बघायची गरज नाही.

आणखी एक शंका रास्त आहे. हिंदू आणि बौद्ध दलितांना वाटतं, वाटेकरी वाढले तर आपल्या ताटातलं कमी होईल. केंद्रातला १५ टक्के वाटा तेवढाच ठेवून नवे लोक घेतले तर गरीब गरिबांशीच भांडत बसतील. म्हणून वाट्याचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. पण वाटा अपुरा आहे म्हणून एकाला त्याच्या प्रार्थनेवरून रांगेबाहेर काढणं, हा न्याय म्हणता येणार नाही.