हप्ते बांधून घ्यावेत की तडजोड करावी?

क्रेडिट कार्डाची दोन लाखांची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी चालत असेल, तर पहिल्याच महिन्याचे व्याज सात हजार होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,२६०. ‘मिनिमम ड्यू’ म्हणून दहा हजार भरले तरी मुद्दल जेमतेम १,७४० रुपयांनी उतरते. कार्डावरचे व्याज वर्षाला ३० टक्क्यांच्या वर नको, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. तेव्हा व्याजाला वरून लगाम बसेल या आशेवर थांबण्यात अर्थ नाही.

मग उरतात दोन वाटा. पहिली म्हणजे सगळे कर्ज फेडायचे, पण स्वस्त आणि बांधीव करून. याच दोन लाखांसाठी १६ टक्क्यांनी तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज मिळाले, तर हप्ता साधारण ७,०३० रुपये येतो आणि एकूण भरणा २ लाख ५३ हजारांच्या आसपास जातो. दुसरी वाट सेटलमेंटची. बँकेला एकरकमी काहीतरी द्यायचे आणि बाकीचे सोडून द्यायला लावायचे.

‘निम्मे कर्ज माफ’ ही जाहिरात अर्थातच दुसऱ्या वाटेची असते. ती पाहताना निम्मे कशाचे, हे विचारावे. नियमित भरणाऱ्याशी बँक सहसा तडजोडीला बसत नाही, म्हणून मध्यस्थ कंपन्या आधी हप्ते थांबवायला सांगतात. सहा महिने काहीच भरले नाही, तर वरचे दोन लाख व्याज-जीएसटीसकट अडीच लाखांवर जातात, दंड वेगळाच. त्याचे निम्मे सव्वा लाख. शिवाय मध्यस्थाची फी. दरम्यान वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात आणि ९० दिवसांनंतर खाते एनपीए होते. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते. हे जाहिरातीत कुठे लिहिलेले दिसत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्याला महिना सात हजार जड जातात, तो सव्वा लाख एकदम आणणार कुठून? उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते: बायकोचे दागिने, पीएफ, नाहीतर मेहुणा. म्हणून सूट किती मिळते यापेक्षा येत्या तीन वर्षांत दरमहा पैसा येणार आहे का, या प्रश्नावर निवड व्हायला हवी, असे मला वाटते. पगार चालू असेल तर हप्ताच बरा. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ हा शेरा वर्षानुवर्षे राहतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी आडवा येतो.

पण हप्त्याचा पुरस्कार करणाऱ्यांनीही थोडे जपून बोलावे. कार्ड फेडायला कर्ज काढले आणि कार्ड मात्र खिशातच राहिले, तर वर्षभरात दोन्ही अंगावर येतात. हे सर्रास घडते. आणि पन्नाशीत नोकरी गेलेल्याला किंवा डायलिसिसवर असलेल्याला पाच वर्षांचे हप्ते बांधून देण्यात शहाणपण नाही. त्याच्यासाठी तडजोड हाच सरळ मार्ग आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करायला बँकांना वाव दिला आहे. मग आजाराने खचलेल्या कारकुनानेच का संकोचावे?

मध्यस्थांबद्दल मात्र माझे मत कडक आहे. अमेरिकेत फोनवरून ग्राहक मिळवणाऱ्या सेटलमेंट कंपन्यांना कर्ज मिटण्याआधी फी घेण्यास २०१० पासून मनाई आहे. आपल्याकडे कर्जदार महिन्याची वर्गणी आधी भरतो आणि बोलणी नंतर होतात. तटस्थ सल्ला देणारी केंद्रे उभारण्याची योजना रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आखली होती. २०१२ मध्ये त्यांची आर्थिक साक्षरता केंद्रे झाली आणि अडचणीतल्या माणसाला सल्ला देण्याचे काम मागे पडले. ती पोकळी या कंपन्यांनी भरली. त्या जे पत्र बँकेला पाठवतात, ते कर्जदार स्वतः लिहू शकतो: उत्पन्न किती, आजाराचे किंवा नोकरी गेल्याचे कागद कोणते, एकरकमी किती देता येईल. तडजोड करायची की नाही, हा निर्णय बँकेचाच; पण सेवेतल्या त्रुटीबद्दलच्या लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

मात्र बँकेच्या लेटरहेडवर रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही येणे नाही’ हे वाक्य हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नये, आणि भरायचा तो कर्जखात्यातच. वसुली एजंटने फोनवर कबूल केलेली सूट कुठेच नोंदलेली नसते, आणि उरलेली रक्कम पुढे दुसऱ्याच एजन्सीच्या नोटिशीतून पुन्हा मागितली जाते.