दोनशे नव्याण्णवची ओळ

रत्नागिरीचा माणूस खरेदीत मोठा चिकित्सक. हापूसची पेटी घेताना वरच्या थरावर भुलत नाही, पेंढा बाजूला सारून खालचे आंबे चाचपून बघतो. (मग भावावरून वाद घालतो तो वेगळाच.) पण हाच माणूस क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये काय बघतो? एकूण रक्कम आणि शेवटची तारीख. संपलं! खालचा थर कुणी बघतच नाही.

मारुती मंदिरजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीचं स्टेटमेंट मी मध्यंतरी ओळ न् ओळ वाचलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना लॉग वाचायची सवय, दुसरं काय. त्यात २९९ रुपयांची एक ओळ होती, सलग चौदा महिने. म्हणजे ४१८६ रुपये. मावशी म्हणाली, "अरे, ते बँकेचंच काहीतरी असेल." निघालं फोटो सजवायचं एक ॲप, लग्नाच्या वेळी 'फुकट ट्रायल' म्हणून घेतलेलं. स्टेटमेंटवर ॲपचं नाव नव्हतं, पैसे गोळा करणाऱ्या कुठल्यातरी भलत्याच कंपनीचं होतं. असं सर्रास असतं, त्यामुळे नाव ओळखीचं वाटलं नाही तरी रक्कम आणि तारीख धरून ईमेल शोधावं, बहुतेक वेळा सापडतं.

आता कुणी म्हणेल, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत की! आहेत, आणि चांगले आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून नीट लागू झालेल्या ई-मॅन्डेटच्या चौकटीत पहिल्यांदा ओटीपी लागतो, आणि पुढे सहसा प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवावं लागतं. ओटीपीशिवायच्या कपातीची मर्यादा २०२२ मध्ये ५ हजारांवरून १५ हजार झाली. २०२३ च्या नोव्हेंबरात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'सबस्क्रिप्शनचा सापळा' हा डार्क पॅटर्न म्हणून यादीतच घातला. कागदावर सगळं झकास.

पण तो २४ तास आधीचा मेसेज येतो इंग्रजीत, कर्जाच्या आणि सेलच्या पन्नास मेसेजांच्या गर्दीत. आणि खरी गंमत पुढे आहे. रद्द करायचा रस्ता बऱ्याचदा त्या मेसेजातल्या लिंकमध्येच असतो, आणि आपणच आईवडिलांना बजावून ठेवलंय की मेसेजातल्या लिंकला हात लावायचा नाही! मुलं पुण्या-मुंबईला, घरात दोघंच म्हातारी माणसं. हा मेसेज वाचणार कोण?

तक्रार करताना एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. आपण परवानगीच न दिलेली कपात आणि परवानगी दिलेली पण आता नको असलेली कपात, ह्या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली असेल तर कार्ड लगेच ब्लॉक करून बँकेला कळवा. २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. दुसरी असेल तर उगाच 'फ्रॉड झाला' म्हणून ओरडू नका. बँक ओटीपीची नोंद समोर ठेवते आणि तुमची केस तिथेच बसते. आधी कंपनीकडे रद्द करा, स्क्रीनशॉट ठेवा, मग बँकेच्या ॲपमधून मॅन्डेटही काढा. नुसतं ॲप फोनमधून उडवून काही थांबत नाही. रद्द केल्यावरही पैसे गेले तर तो तुमचा हक्काचा वाद. बँकेला लेखी कळवा, तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट.

मावशीला दोन महिन्यांचे पैसे परत मिळाले. बाकीचे बारा महिने गेले, कारण परवानगी तिचीच होती. कायद्यानं ते बरोबर असेलही. पण माझं म्हणणं असं, की चालू करायला एक बटण पुरत असेल तर बंद करायलाही एकच हवं, आणि तो मेसेज मराठीतच यावा. असलं बटण करायला किती वेळ लागतो हे आम्हा लोकांना चांगलं ठाऊक आहे. एका दुपारचं काम आहे हो.