सचिनचा १०, धोनीचा ७ आणि आता ४५? जर्सी क्रमांक ‘निवृत्त’ होतो म्हणजे नेमकं काय होतं

डिजिटल डेस्क, लाखनी : गावोगावच्या टेनिस बॉल सामन्यांत टी-शर्टच्या पाठीवर ७, १८ आणि ४५ हे आकडे हमखास दिसतात. एकाच संघात दोन ‘७’ निघाले तरी कुणी हरकत घेत नाही. भारतीय पुरुष संघात मात्र ७ आणि १० हे क्रमांक आता कुणाच्याच वाट्याला येत नाहीत. विराट कोहली आणि नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा यांनी टी-२० पाठोपाठ मे २०२५ मध्ये कसोटीही सोडली. त्यामुळे १८ आणि ४५ यांचं पुढे काय, ही चर्चा सुरू झाली आहे.

वाद सुरू कुठून झाला?

३१ ऑगस्ट २०१७, कोलंबो. पालघरहून लोकलने मुंबई गाठत क्रिकेट शिकलेल्या शार्दूल ठाकूरने श्रीलंकेविरुद्ध एकदिवसीय पदार्पण केलं. पाठीवर क्रमांक होता १०. सचिन तेंडुलकर निवृत्त होऊन चार वर्षंही झाली नव्हती. सोशल मीडियावर शार्दूलवर तुटून पडणाऱ्यांनी त्याच्या गोलंदाजीकडे पाहिलंच नाही. अंकशास्त्रावरून हा क्रमांक घेतल्याचं त्याने सांगितलं. १६ ऑक्टोबर १९९१ या जन्मतारखेतील अंकांची बेरीज २८ येते आणि २ अधिक ८ म्हणजे १०. पण हिशेब ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. पुढे तो ५४ क्रमांकाने खेळू लागला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीसीसीआयने १० क्रमांक अनौपचारिकरीत्या बाजूला ठेवल्याच्या बातम्या आल्या. ‘अनौपचारिकरीत्या’ हा शब्द महत्त्वाचा. मुंबई इंडियन्सने २०१३ मध्येच सचिनचा १० क्रमांक सरळ जाहीर करून निवृत्त केला होता. राष्ट्रीय संघात मात्र हा निर्णय एका नवख्या खेळाडूला शिव्या पडल्यानंतर झाला. त्याला सचिनचा सन्मान म्हणायचं की ट्रोलिंगपुढे घेतलेली माघार?

धोनीच्या ७ क्रमांकाची बातमी डिसेंबर २०२३ मध्ये आली, म्हणजे त्याच्या निवृत्तीला तीन वर्षं उलटून गेल्यावर.

आकड्यांचा तुटवडा खरंच आहे?

थोडा आहे. २०२३ मध्ये बोर्डाच्या अधिकाऱ्याच्या हवाल्याने आलेल्या माहितीनुसार, सुमारे ६० क्रमांक संघातील आणि संघाच्या उंबरठ्यावरील खेळाडूंसाठी राखून ठेवलेले असतात. खेळाडू वर्षभर बाहेर असला तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. नवोदितांसाठी उरतात तीसेक. शुभमन गिलला १९ वर्षांखालील संघात ७ हवा होता. तो मिळाला नाही, म्हणून त्याने ७७ घेतला. दर दशकात दोन-तीन आकडे कुलूपबंद झाले तरी संघाचं अडणार नाही. खरी अडचण वेगळी आहे. कोणता क्रमांक बंद, कोणता खुला, हे ठरवण्याचा निकष कुठे दिसत नाही. कोहलीच्या कसोटी निवृत्तीनंतर काही आठवड्यांतच मुकेश कुमार भारत ‘अ’ संघातून इंग्लंडमध्ये १८ क्रमांक घालून उतरला आणि पुन्हा तोच गदारोळ झाला. तेव्हा ‘अ’ संघात क्रमांक ठरलेले नसतात, असं बोर्डाच्या सूत्रांना सांगावं लागलं. (महिला संघात सांगलीची स्मृती मानधना कित्येक वर्षं १८ घालून खेळते आहे, हे ओरडणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.)

इतरांनी कसं केलं?

ही प्रथा मूळ अमेरिकेची. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाच्या लू गेहरिगला १९३९ मध्ये गंभीर आजारामुळे खेळ सोडावा लागला आणि त्याचा ४ क्रमांक संघाने कायमचा बाजूला ठेवला. यँकीजना पुढे याची इतकी सवय लागली की २०१७ मध्ये डेरेक जीटरचा २ निवृत्त झाल्यावर १ ते ९ मधला एकही आकडा शिल्लक राहिला नाही. अर्जेंटिनाने २००२ च्या फुटबॉल विश्वचषकात मॅराडोनाचा १० वगळायचं ठरवलं, तर फिफाने नकार दिला. क्रमांक १ ते २३ सलगच हवेत, असा नियम. शेवटी तो आरिएल ओर्तेगाने घातला.

सर्वात विचारपूर्वक निर्णय जॅकी रॉबिन्सनचा. आधुनिक मेजर लीगमधल्या या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूचा ४२ क्रमांक १९९७ मध्ये सगळ्याच संघांनी बंद केला. पण दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू तोच ४२ घालून मैदानात उतरतात.

नमुना घरातही आहे. पॅरिस ऑलिम्पिकच्या कांस्यपदकानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये हॉकी इंडियाने गोलरक्षक पी. आर. श्रीजेशचा १६ क्रमांक निवृत्त केला, तोही त्याच्यासमोर, जाहीरपणे. सोबत स्पष्ट केलं की हा निर्णय फक्त वरिष्ठ संघापुरता आहे. ज्युनियर संघात १६ खुला राहील. त्यामुळे उद्या कुणा पोराने तो घातला तर त्याला खुलासा द्यावा लागणार नाही.

बीसीसीआयला एवढंच करायचं आहे. १८ आणि ४५ बंद करायचे असतील तर खेळाडूच्या निरोपाच्या दिवशी तसं जाहीर करावं, आणि खुले ठेवायचे असतील तर तेही त्याच दिवशी सांगावं. शार्दूलने २०२१ मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात ६७ धावा केल्या आणि सामन्यात ७ बळी घेतले, तेव्हा त्याच्या पाठीवर ५४ होता. त्या दिवशी आकड्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.