‘नाशकात काही होतच नाही’ असं म्हणण्याआधी

कॉलेजच्या कट्ट्यावर, कँटीनमध्ये, ग्रुपवर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, ‘यार, नाशकात काही होतच नाही!’ मुंबईला पृथ्वी आहे, एनसीपीए आहे. पुण्यात सवाई आहे, पुरुषोत्तम आहे. आणि आपल्याकडे? मिसळ, मॉल आणि पावसाळ्यात सोमेश्वरचा धबधबा. विषय संपला.

खरंच संपला का?

शहरातल्या कार्यक्रमांचा रकाना लावण्याचं काम सध्या माझ्याकडे आहे. इंटर्नला देतात तसलंच काम. पत्रिका उघडायच्या, तारीख-वेळ-ठिकाण तपासायचं आणि चार ओळींत बसवायचं. या कामात एक गोष्ट लगेच कळते. हा रकाना रिकामा राहत नाही. व्याख्यान, काव्यवाचन, चित्रप्रदर्शन, गायनाची बैठक, एकांकिका, पुस्तक प्रकाशन असं काही ना काही असतंच. शनिवार-रविवारी तर जागा पुरत नाही, काहींना सोमवारवर ढकलावं लागतं. म्हणजे नाशकात काही होत नाही, हे खरं नाही. नाशकात होतं ते आपल्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचलं तरी आपण जात नाही, हे खरं आहे. या दोन्ही गोष्टींवर बोलायला हवं.

आधी काय काय होतं ते बघू. गंगापूर रोडला विद्या विकास सर्कलजवळचं कुसुमाग्रज स्मारक आपल्यापैकी बहुतेकांनी बाहेरून पाहिलंय. आत किती जण गेलेत? तिथल्या सभागृहांना कुसुमाग्रजांच्याच कवितासंग्रहांची नावं आहेत, विशाखा, स्वगत, छंदोमयी. २७ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. त्या सुमारास विषम वर्षी कुसुमाग्रज प्रतिष्ठान जनस्थान पुरस्कार देतं. पहिला जनस्थान १९९१ मध्ये विजय तेंडुलकरांना मिळाला. सम वर्षी १० मार्चच्या, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनाच्या सुमारास गोदावरी गौरव असतो. त्यात साहित्याबाहेरचे लोक येतात, चित्रकार, गायक, वैज्ञानिक, लोकांसाठी आयुष्य खर्ची घालणारे कार्यकर्ते. एरवी ज्यांना आपण फक्त स्क्रीनवर बघतो, ती माणसं आपल्या कॉलेजपासून दोन-तीन किलोमीटरवर येऊन बसलेली असतात.

मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला. १९२२ मध्ये सुरू झालेली, शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला यशवंतराव महाराज पटांगणावर उघड्यावर भरते. महिनाभर रोज संध्याकाळी वेगळा वक्ता, वेगळा विषय. तिकीट नाही, पास नाही, ओळखपत्र नाही. या आणि बसा. दिवाळी पाडव्याच्या पहाटे नेहरू चौकातल्या पिंपळपारावर गाणं असतं. गुढीपाडव्याच्या आधी घाटावर महारांगोळी आणि ढोल. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची नाशिक केंद्राची फेरी. दिवसभर नोकरी करून रात्री तालमी करणारे लोक त्यात उतरतात आणि तिकीट अगदी नाममात्र असतं. शालिमारला कालिदास कलामंदिर आणि त्याच परिसरात सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह. हे वाचनालय १८४० चं आहे. १८५७ चा उठाव व्हायचा होता तेव्हा नाशिकमध्ये वाचनालय होतं, एवढं लक्षात ठेवा आणि मग पुण्याच्या मित्रासमोर बोला.

हे सगळं ‘सिनिअर सिटिझन’ लोकांसाठी असतं असं आपल्याला वाटतं. सभागृहात डोकावलं की तसंच दिसतंही. पुढच्या रांगांत पांढरे केस, मधल्या रांगांत पांढरे केस आणि मागच्या रांगा रिकाम्या. पण हे सगळं जन्माला घालणारे लोक म्हातारे जन्मले नव्हते. वि. वा. शिरवाडकर एचपीटी कॉलेजचे विद्यार्थी असतानाच त्यांच्या कविता ‘रत्नाकर’ मासिकात छापून येत होत्या. विशीत असताना ते काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात सामील झाले होते. म्हणजे ज्या वयात आपण अटेंडन्सच्या टेन्शनमध्ये असतो, त्या वयात हा मुलगा कविता छापत होता आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नात उभा होता. वसंत कानेटकर एचपीटीत शिकवायचे. शिकवता शिकवताच त्यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिलं. फाळके तर आपल्याच जिल्ह्यातले, १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले.

हे जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं घ्या. प्राजक्त देशमुख नाशिकचा. त्याची ‘देवबाभळी’ आधी एकांकिका होती, २०१७ मध्ये ती संगीत नाटक म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आली आणि महाराष्ट्रभर गाजली. पाणीटंचाईवरचं ‘हंडाभर चांदण्या’ हे दत्ता पाटील यांचं नाटक, दिग्दर्शन सचिन शिंदे यांचं. दोघेही इथलेच. अशी नाटकं हवेतून येत नाहीत. कुणीतरी आधी शंभर एकांकिका बघितलेल्या असतात. त्यातल्या सत्तर वाईट असतात. कुठे संवाद लांबतोय, कुठे लाइट चुकतोय, प्रेक्षक नेमका कुठे खोकायला लागतो, हे मागच्या रांगेत बसूनच कळतं. यूट्यूबवर हे कळत नाही, कारण तिथे वाईट भाग आपण स्किप करतो.

‘सगळं तर यूट्यूबवर येतं’ हा आपला आवडता मुद्दा. व्याख्यान येतं, मान्य. पण व्याख्यानानंतर वक्त्याला अडवून विचारलेला आपला प्रश्न येत नाही. चित्रप्रदर्शनाचे फोटो इन्स्टावर असतात, पण गोदाघाटाच्या जलरंगातल्या चित्रासमोर उभं राहून ‘हा दगड ओला कसा दाखवला?’ असं चित्रकारालाच विचारता येतं ते कलादालनात. शिवाजी तुपेंसारख्या जलरंगकाराचं हे शहर आहे. इथे चित्रकार स्वतः प्रदर्शनात बसलेले असतात आणि खरं सांगायचं तर कुणीतरी विचारावं याची वाट बघत असतात.

आता दुसरी बाजू. आपण जात नाही यात सगळी चूक आपलीच नाही.

माझ्या हाताखालून जाणाऱ्या पत्रिका बघा. प्रमुख पाहुणे, विशेष पाहुणे, सन्माननीय उपस्थिती, स्वागतोत्सुक. नऊ-दहा नावं, त्यातल्या निम्म्यांचे फोटो. व्याख्यानाचा विषय मात्र सगळ्यात बारीक अक्षरात, तळाशी. प्रवेश सर्वांना खुला आहे की निमंत्रितांनाच, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी ही पत्रिका बघून काय समजेल? ‘हे आपल्यासाठी नाही’, एवढंच. शिवाय ही पत्रिका फिरते कुठे? काकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथून ती आपल्या ग्रुपवर येण्याचा रस्ताच नाही.

मग कार्यक्रमाची वेळ. पत्रिकेत सहा. दीपप्रज्वलन साडेसहाला. मग प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, सत्काराला उत्तर. मुख्य वक्ता माइकवर येतो तेव्हा साडेसात वाजलेले असतात. ज्याला गाडीने दहा मिनिटांत घरी जायचंय त्याला याने फरक पडत नाही. पण आपल्यातले कितीतरी जण सिन्नर, ओझर, दिंडोरीहून रोज ये-जा करतात. त्यांना शेवटची बस असते. पेठ-सुरगाण्याहून येऊन होस्टेलवर राहणाऱ्यांना गेटची वेळ असते. त्यांनी काय करायचं? वक्ता रंगात येतो तेव्हा उठायचं आणि वाकून वाकून दाराकडे जायचं. मग कुणीतरी म्हणतं, ‘आजकालच्या मुलांना पेशन्सच नाही.’

मुलींचं तर आणखी वेगळं. घरी विचारलं की आई आधी विषय विचारत नाही. आई विचारते, ‘संपणार किती वाजता?’ या प्रश्नाचं उत्तर एकाही पत्रिकेत नसतं. सुरू होण्याची वेळ असते, संपण्याची नसते. ‘माहीत नाही’ म्हटलं की विषय तिथेच बंद. त्यामुळे शहरातला जवळजवळ अर्धा तरुण प्रेक्षक कार्यक्रम कंटाळवाणा म्हणून नाही, तर एक वेळ छापलेली नाही म्हणून घरी राहतो.

आयोजकांना आमची विनंती साधी आहे, आणि तिला फार खर्चही नाही. पत्रिकेत विषय मोठा छापा, नावं लहान करा. प्रवेश खुला असेल तर तसं स्पष्ट लिहा. संपण्याची वेळ लिहा आणि ती पाळा. सत्कार करायचेच असतील तर शेवटी करा, ज्यांना थांबायचं ते थांबतील. आणि प्रश्नोत्तरांना किमान पंधरा मिनिटं ठेवा. तरुणांना फक्त ऐकायला बोलावलं तर ते एकदाच येतात. बोलू दिलं तर पुन्हा येतात.

कॉलेजांनाही एक सांगायचंय. कृपा करून सक्ती करू नका. हजेरीसाठी दोनशे मुलांना बसमध्ये भरून सभागृहात आणलं की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोनशे मोबाइल उजळतात आणि स्टेजवरचा माणूस बिचारा स्वतःशीच बोलत राहतो. त्यापेक्षा ज्यांना जायचंय त्या पाच मुलांना होस्टेलची उशिराची परवानगी द्या. नोटीस बोर्डवर कार्यक्रमांचा एक कागद लावा. एखाद्या सरांनी वर्गात सहज म्हटलं, ‘मी आज प्रदर्शन बघायला चाललोय, कोण येतंय?’ तर त्याचा उपयोग दहा परिपत्रकांपेक्षा जास्त होईल.

आणि आता आपण. पृथ्वी थिएटरचं आपल्याला काय आवडतं? तिथल्या पायऱ्यांवर बसलेली आपल्या वयाची पोरं. १९७८ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पायऱ्यांवरची ही गर्दी तयार होऊन आलेली नव्हती. लोक येत राहिले, परत परत आले आणि ती झाली. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालतोय. पण त्याचं वातावरण परीक्षकांनी नाही, भरत नाट्य मंदिरात आरोळ्या ठोकणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी बनवलं. म्हणजे ज्याला आपण ‘तिकडचा माहोल’ म्हणतो, तो तिकडच्या मुलांनी केलेला आहे. इकडचा माहोल करायला पुण्याहून कुणी येणार नाही.

गंमत म्हणजे, त्यासाठी फार काही करावंही लागत नाही. महिन्यातून एक कार्यक्रम. एकट्याने जायला अवघडल्यासारखं होत असेल तर तिघं-चौघं मिळून जा. आपल्या विषयाबाहेरचं एखादं निवडा. कॉमर्सवाल्यांनी चित्रप्रदर्शन, इंजिनीअरिंगवाल्यांनी कवितावाचन. पटलं नाही तर मध्यंतरात उठून या, टपरीवर चहा घेत त्या कार्यक्रमाची मनसोक्त सालं काढा. तेही प्रेक्षक होणंच आहे. पटलं तर थांबा आणि हात वर करून एक प्रश्न विचारा. प्रश्न चुकीचा असला तरी चालतो. विशीतल्या कुणीतरी प्रश्न विचारला की सगळं सभागृह मागे वळून बघतं, आणि त्या बघण्यात राग नसतो, बरं वाटलेलं असतं.

हे सगळं ‘संस्कृती टिकवा’ म्हणून सांगत नाही. ते शब्द ऐकून आपल्यालाही झोप येते. प्रश्न आपल्या सोयीचाच आहे. सभागृह चालवायला भाडं, वीज, माणसं लागतात. मागच्या रांगा रिकाम्याच राहिल्या आणि पुढच्या रांगा हळूहळू कमी होत गेल्या, तर उद्या त्या जागेत लग्नं होतील, सेल लागतील. मग आपल्यातल्या एखाद्याला पहिलं नाटक करायचं असेल, पहिलं चित्र लावायचं असेल, पहिली कविता वाचायची असेल, तेव्हा विनामूल्य किंवा परवडणारी जागा उरलेली नसेल. त्या वेळी ‘नाशकात काही होतच नाही’ हे वाक्य खरं झालेलं असेल.

आपल्या बाजूने एक सुरुवात आम्ही करतोय. पुढच्या आठवड्यापासून या पानावर येणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमापुढे तीन गोष्टी छापण्याचा प्रयत्न करू. प्रवेश खुला आहे की तिकीट आहे, संपणार किती वाजता आणि जवळचा बस स्टॉप कोणता. आयोजकांनी ही माहिती पाठवली नाही तर आम्ही फोन करून विचारू. इंटर्नला तसंही फोन लावायलाच ठेवलेलं असतं.

तुम्ही एवढंच करा. रकान्यातला एक कार्यक्रम निवडा, त्याचा फोटो काढा आणि आपल्या ग्रुपवर टाका. खाली लिहा, ‘शनिवारी कोण येतंय?’