ओव्हलच्या दोन बाजू

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाची व्हिक्टोरियन गॉथिक रांग आहे, तर पश्चिमेला १९३०च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये या समूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही चर्चगेटहून धावतपळत कचेरी गाठणाऱ्यांची मान क्वचितच वर जाते. ती वर करायला लावण्याचे काम वारसा फेऱ्या करतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या काळा घोडा महोत्सवातही त्या निघतात. वाटाड्या थांबवून दाखवतो तेव्हा टॉवरवर पश्चिम भारतातल्या विविध समाजांचे दगडी पुतळे दिसतात. समोरच्या इमारतींवर कोपऱ्याला वळसा घालणारे, ऊन-पाऊस अडवणारे छज्जे दिसतात. त्यांचा उपयोग कळलेला रहिवासी गॅलरी बंद करण्यापूर्वी नक्कीच विचार करील.

मात्र फेरी बहुधा फाटकाशीच अडते. लंडनमध्ये १९९२ पासून ‘ओपन हाउस’ उपक्रमात एरवी बंद असलेल्या वास्तू लोकांना विनामूल्य पाहता येतात. मुंबईतही सरकारी वास्तूंनी वर्षातून एखादा रविवार दारे उघडावीत. माहिती मराठीतूनही मिळावी. आणि फेऱ्या दक्षिण मुंबईपुरत्या न राहता गिरणगावातल्या चाळींपर्यंत जाव्यात. तिथल्या बीडीडी चाळी तर पाडल्याही जात आहेत.