वाटोळं कुणी केलं?

"सर, तुम्ही हिचं वाटोळं केलंत."

हे वाक्य मला माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीवर बसून, माझ्या बायकोने केलेला चहा पीत ऐकवण्यात आलं. ऐकवणारे गृहस्थ पुण्याहून आले होते. जुन्या गिटारी जमवतात. माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली एक जपानी बनावटीची बेस गिटार आहे, ती त्यांना हवी होती. किंमत फोनवरच ठरली होती. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून मी ती विकायला निघालो होतो. हे आधीच कबूल करतो, नाहीतर मागाहून कुणीतरी म्हणेल, मास्तरांनी आपला स्वार्थ लपवला.

त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, वरची प्लास्टिकची पट्टी उचलली आणि आत पाहिलं. पिकअपची कॉइल नव्याने गुंडाळलेली, आवाज कमी-जास्त करायचे पॉट बदललेले, आतला खड्डा तांब्याच्या पत्र्याने मढवलेला, तारा जिथून निघतात तो नट प्लास्टिकऐवजी हाडाचा. त्यांचा चेहरा उतरला. "यात ओरिजिनल काय राहिलंय?" असं म्हणून त्यांनी किंमत अर्ध्यावर आणली. मी बेस पुन्हा पिशवीत घातली. चहा मात्र त्यांनी संपवला.

त्या गृहस्थांवर माझा राग नाही. त्यांच्या वाक्यावर आहे, आणि तो अजून गेलेला नाही. कारण ते वाक्य एकट्या त्यांचं नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पंधराएक वर्षांपासून जुन्या, मोडक्या बेस गिटारी घेतो, उघडतो, दुरुस्त करतो, बदलतो. आज घरात सहा आहेत, त्यातली एकही नवी घेतलेली नाही. ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ती वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. पंचमच्या गाण्यांत टोनी वाझ यांनी ती वाजवली. गाणी सगळ्यांना पाठ आहेत, नाव फार थोड्यांना. स्टाफरूममध्ये मला विचारतात, "सर, इतके पैसे लाकडात?" मोहल्ल्यात वेगळं विचारतात. संगीत जायज की नाजायज, हा वाद मी आज काढत नाही. तो माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि माझ्या लेखाने मिटणार नाही.

आज प्रश्न 'ओरिजिनल'चा आहे. त्याला मराठीत आपण 'अस्सल' म्हणतो. शुद्धतेची ग्वाही देणारा हा शब्द अरबी 'अस्ल'वरून आलेला, फारसीतून वाट काढत इथे पोचलेला आणि मराठीने वर एक जोडाक्षर चढवून आपलासा केलेला. म्हणजे मूळ शब्द उघडला, बदलला आणि वापरला. अस्सलपणाचं याहून चांगलं उदाहरण मला वर्गात देता येत नाही.

आता वाद्याकडे या. बेस गिटार घराघरांत नेली ती लिओ फेंडर या माणसाने. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक त्याच्याकडे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येत, तक्रारी करत आणि तो ऐकत असे. त्यातून १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' निघाली. त्याआधी माणसाएवढा डबल बेस उभा धरून वाजवावा लागे, आणि ढोलताशांच्या पुढे त्याचा आवाज पोचत नसे. लिओने तो आवाज आडव्या फळीवर आणला. आणि तिथे थांबला का? १९५४ मध्ये फळीच्या कडा छातीला टोचू नयेत म्हणून उतरवल्या. १९५७ मध्ये पिकअपच बदलून दोन तुकड्यांचं केलं, म्हणजे विजेची घरघर कमी व्हावी. मग त्या पुण्याच्या गृहस्थांनी मला सांगावं, अस्सल कोणती? १९५१ ची की १९५७ ची? बनवणाऱ्यालाच पहिल्या सहा वर्षांत जी पुरेशी वाटली नाही, ती आम्ही सत्तर वर्षांनी देव्हाऱ्यात ठेवायची?

शिवाय ती राहणार कुठे आहे, नागपुरात ना? मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं आणि पितळी दिसणाऱ्या पडद्यांची टोकं दांडीच्या कडेने बाहेर येतात. हात फिरवला की तळवा सोलतो. मग आपण खोलीत कूलर लावतो आणि त्याच लाकडाला आठ तास ओली हवा पाजतो. पावसाळ्यात दांडी पुढे वाकते, तारा वर उचलल्या जातात. दांडीच्या पोटात एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड म्हणतात तिला; ती मी वर्षातून दोनदा पिळतो, एकदा मृगाच्या सुमाराला आणि एकदा दिवाळीनंतर. पडद्यांची टोकं कानशीने घासावी लागतात. हात लावायचाच नाही असं ठरवलं, तर नागपूरचा उन्हाळाच बदल करून जातो, आणि तो कुणाला विचारत नाही.

आवाजाचंही तसंच. पिकअप हवेतली वीजही ऐकतं. लग्नाच्या मंडपात जनरेटर, डिमरवरचे दिवे, शंभर वायरी. तिथे कारखान्यातून आली तशी ठेवलेली जुनी बेस भणभणते. खड्ड्यात तांब्याचा पत्रा लावून अर्थिंग नीट दिलं की भणभण बरीच बसते. हे वाटोळं असेल तर पावसाळ्यात घरावर ताडपत्री टाकणं हेही वाटोळंच म्हणावं लागेल.

त्या बेसचं पिकअप मेलेलं होतं. मीटर लावलं तर काटा हलेना, आत कुठेतरी तार तुटलेली. मोमिनपुऱ्याच्या एका गल्लीत वाइंडिंगचं दुकान आहे: कूलरच्या मोटारी, पंखे, पाण्याचे पंप. तिथल्या चाचांनी तरुणपणी रेडिओचे ट्रान्सफॉर्मर भरलेत. मी पिकअप पुढे ठेवलं.

"मास्टर साब, ये करता क्या है?"

मी सांगितलं, आत चुंबक आहे, वर पोलादी तार हलते, मग कॉइलमध्ये वीज येते.

"मतलब छोटा सा डायनमो है."

बस, एवढंच. मला जे समजायला दोन वर्षं आणि बरीच पुस्तकं लागली, ते त्यांनी अर्ध्या वाक्यात संपवलं. अमेरिकी मापात ती तार ४२ गेजची, आपल्या बाजारातल्या एसडब्ल्यूजी मापात साधारण ४६, म्हणजे केसासारखी. प्रत्येक तुकड्यावर दहा हजारांच्या आसपास वेढे. चाचांच्या हाताने फिरवायच्या मशीनवर वेढे मोजणारा काउंटर आहे. पहिल्यांदा सहा हजारांच्या पुढे तुटली. दुसऱ्यांदा नऊ हजारांवर, तेव्हा त्यांनी विडी पेटवली आणि पाच मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्यांदा पूर्ण झाली. कॉइल मोकळी राहिली तर मोठ्या आवाजात शिट्टी मारते, म्हणून घरी मेण वितळवून त्यात बुडवली (ते पातेलं आता स्वयंपाकघरात चालत नाही). चाचांनी दोनशे रुपये घेतले, तेही मी खिशात कोंबले म्हणून.

या कामाला आमचे शिकलेले लोक 'जुगाड' म्हणतात, तेही कौतुकाने. मला या शब्दाची चीड आहे. रेडिओवाल्या लिओने केलं तो शोध, रेडिओवाल्या चाचांनी केलं ते जुगाड? वेढे मोजून, माप जुळवून, दोनदा अपयश घेऊन तिसऱ्यांदा नेमकं केलेलं काम म्हणजे कारागिरी. तिला जुगाड म्हटलं की तिचे पैसे द्यावे लागत नाहीत, नाव लिहावं लागत नाही आणि ती शिकण्याचीही गरज उरत नाही.

आणि अस्सलपणाचे भक्त स्वतः काय विकत घेतात ते बघा. १९९५ पासून फेंडर कंपनीच्या खास कारखान्यात 'रेलिक' नावाच्या गिटारी बनतात. कोरी करकरीत गिटार घ्यायची, तिचा रंग खरवडायचा, धातूवर गंज चढवायचा, पोचे पाडायचे आणि साध्या गिटारीपेक्षा जास्त किमतीला विकायची. म्हणजे खोट्या हातांनी झालेली झीज चालते. मोमिनपुऱ्यातल्या खऱ्या हातांनी झालेली दुरुस्ती चालत नाही.

लाकडाची गोष्टही अशीच. या गिटारींच्या दांडीवर बसवलेली काळी-तपकिरी पट्टी पुष्कळदा भारतातल्या शिसवीची असते. २०१७ च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत सगळी शिसवी आली, कागदपत्रं वाढली, तर फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या अनेक मॉडेलांवर 'पाउ फेरो' नावाचं दुसरंच लाकूड बसवलं. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्या नियमातून सूट मिळाली. कागदांच्या कटकटीपायी कंपनीने लाकूड बदललं तरी गिटार ओरिजिनल. मी मेलेली कॉइल बदलली की वाटोळं.

या जगात सगळ्यात जास्त पूजली जाणारी बेस कोणती? बहुतेक जण जाको पास्टोरियसची सांगतील. साठच्या दशकातली फेंडर जॅझ बेस, तिचे पडदे उपटून काढलेले, खाचांत प्लास्टिक वूड भरलेलं, वर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी. लिओने पडदे बसवले होते सूर नेमका लागावा म्हणून. 'प्रिसिजन' हे नावच त्यावरून. जाकोने नेमकी तीच सोय काढून टाकली, आणि १९७६ च्या त्याच्या पहिल्या अल्बमपासून जगभरचे वादक तो आवाज शोधत फिरताहेत. ही बेस मोडली, जोडली, १९८६ मध्ये चोरीला गेली, कित्येक वर्षांनी सापडली. पुण्याच्या गृहस्थांपुढे ती बिनओळखीची ठेवली असती तर त्यांनी तिलाही अर्धीच किंमत सांगितली असती, याबद्दल मला शंका नाही.

पडदे नसले की तार सपाट लाकडाला घासत थरथरते आणि आवाजाला एक गुणगुण येते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला जाको आठवला नाही, तंबोरा आठवला. ही तर जवारी! तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासतात, तार त्यावर हलकेच घासते आणि सूर भरून येतो. हे काम मिरजेत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. करणारे कोण? शिकलगार. मूळ शब्द 'सैकलगर', म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारे. तलवारींचा जमाना सरला, तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर सतारी आणि तंबोऱ्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आले, आणि शस्त्रं घासणाऱ्या हातांनी घोड्या घासल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांच्या आवाजासाठी मिरज ओळखली जाते ते अब्दुल करीम खां स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात तरबेज होते. वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते. कुठलाही गवई कारागिराला म्हणत नाही की, कानस लावू नका, ओरिजिनल जाईल.

इतकं लांब कशाला, आपल्या ताजबागच्या उर्सात संदल निघतो तेव्हा धुमालमधला बेंजो ऐका. त्या बेंजोचं मूळ जपानी. १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ताईशोगोतो बनवलं, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. आपल्याकडे त्याचं बुलबुल तरंग झालं, मग कुणीतरी त्याला पिकअप लावलं, भोंग्याला जोडलं आणि ते कव्वालीत, गणपतीत, भीमगीतांत गेलं. त्या 'कुणीतरी'चं नाव मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही.

आता माझी बाजू दुबळी होते ती जागाही सांगतो. मी एक बेस खरोखर बिघडवली आहे. सुरुवातीच्या दिवसांत, यूट्यूब पाहून. नटच्या खाचा जास्त खोल कापल्या आणि नवी घोडी बसवायला घाईत भोक पाडलं ते तीन मिलिमीटर बाजूला. ती बेस आजही सुरात लागत नाही. भिंतीवर टांगून ठेवली आहे. तेव्हापासून मी जुना सुटा भाग फेकत नाही. प्रत्येक बेसचा एक डबा आहे, त्यावर तारीख आणि काय काढलं याची चिठ्ठी. ज्यांनी काहीच बदललं नाही असेही मोठे वादक आहेत. जेम्स जेमर्सन म्हणे तार तुटेपर्यंत ताराही बदलत नसे. पण तो त्या बेसवर रोज वाजवत होता. काचेच्या कपाटात ठेवून भाव वाढायची वाट पाहत नव्हता. संग्रहालयातल्या वाद्याला हात लावा असंही मी म्हणत नाही. माझं घर संग्रहालय नाही, दोन खोल्या आहेत.

फी शेवटी पतसंस्थेच्या कर्जातून भरली. बेस सध्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आहे, तो ऑर्केस्ट्रात वाजवतो, यंदा १४ एप्रिलला सलग तीन कार्यक्रमांत तिच्यावर वाजवून आला आणि म्हणाला, "सर, जनरेटरवर पण आवाज नाही आला." चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक तार त्यांना दिसत नाही. दर रविवारी मी मशीनवर बसतो आणि ते बाजूला बसून ऐकतात. माझी मजल अजून ४२०० वेढ्यांपर्यंतच गेली आहे.

गेल्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. गृहस्थांना आता बेस नको आहे. त्यांनी विचारलं, त्या बेसमधून काढलेले जुने पॉट, कपॅसिटर आणि तो प्लास्टिकचा नट अजून आहे का. त्यांच्याकडच्या दुसऱ्या एका गिटारीला 'ओरिजिनल' करायचं आहे. किंमत बरी सांगितली. डबा कपाटावर आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. दुसऱ्या सत्राची फी दिवाळीनंतर भरायची आहे.