काळी विकली, पण पांढरी वसली काय?

'घर पाहावे बांधून' अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. घर बांधताना माणसाच्या धीराची, व्यवहारज्ञानाची आणि गाठीच्या पैशाची एकदमच परीक्षा होते, एवढाच या म्हणीचा आशय. परंतु धाराशिव शहराच्या चहूबाजूंना ज्या नव्या वसाहती गेल्या दोन-तीन दशकांत उभ्या राहिल्या, त्यांतील रहिवाशांची परीक्षा घर बांधून झाल्यावरही संपलेली नाही. भिंती उभ्या राहिल्या, वास्तुशांत झाली, दारावर नावाची पाटी लागली. तरीही हे घर आपले आहे काय, या प्रश्नाचे निःशंक उत्तर अनेकांना देता येत नाही. ही स्थिती शहराच्या प्रगतीचे लक्षण म्हणून मिरवली जात असल्यामुळे तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत फळ्यासमोर उभे होतो. त्या काळचा एक विद्यार्थी परवा कार्यालयात भेटावयास आला. कळंब तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा हा मुलगा आता पन्नाशीच्या जवळ आलेला आहे आणि एका संस्थेत लिपिक आहे. मुलांच्या शिक्षणासाठी त्याने गाव सोडले आणि भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढून व पत्नीचे दागिने मोडून शहराच्या कडेला दोन गुंठ्यांचा भूखंड घेतला. खरेदीखत रीतसर नोंदले गेले, मुद्रांक शुल्क सरकारजमा झाले, पुढे घरपट्टीही सुरू झाली. आता मुलीच्या उच्च शिक्षणासाठी घर तारण ठेवण्याची वेळ आली, तेव्हा त्याला कळले की त्याची जमीन कागदोपत्री 'वर्ग दोन'ची आहे आणि तीवर कर्ज मिळणार नाही. त्याने आम्हांस विचारले, "गुरुजी, कागद खोटा की घर खोटे?" शाळेत त्याच्या सगळ्या शंका आम्ही सोडवीत असू. या शंकेपुढे आम्ही निरुत्तर झालो.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. निजामी राजवटीत मराठवाड्यात सेवेबद्दल अथवा निर्वाहासाठी जमिनी इनाम देण्यात आल्या. खिदमतमाश आणि मदतमाश ही त्यांची नावे जुन्या दप्तरांतून आजही भेटतात. १९५४ च्या कायद्याने हैदराबाद राज्यातील इनामे रद्द झाली. परंतु त्या जमिनींच्या हस्तांतरावरील बंधने मात्र पूर्णपणे सुटली नाहीत. वर्ग दोनची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. शहर वाढत गेले तसतशा या जमिनी हातोहात विकल्या गेल्या, त्यांवर घरे झाली, नोंदी झाल्या, पुनर्विक्रीही झाली. गेल्या काही वर्षांत मात्र अनेक भूखंडांच्या नोंदी वर्ग एकमधून वर्ग दोनकडे वळविण्यात आल्या आणि कित्येक कुटुंबांचे खरेदी-विक्रीचे, कर्जाचे आणि बांधकाम परवानगीचे व्यवहार अडून बसले. मदतमाश जमिनी नियमित करण्यासाठीचा नजराणा बाजारभावाच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणणारी सुधारणा विधिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केली, हे योग्यच झाले. परंतु ज्या व्यवहाराची नोंद सरकारी कचेरीने स्वतः शुल्क घेऊन केली, त्याच व्यवहाराचा दोष दूर करण्यासाठी घरमालकाने पुन्हा पैसे भरावेत, यातील विसंगती ५ टक्क्यांनीही झाकली जात नाही.

आमच्याकडील घरबाजाराचे स्वरूप मुंबई-पुण्याच्या बाजाराहून मुळातच निराळे आहे. तेथे सदनिका विकली जाते, येथे भूखंड विकला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १२ हजार होती आणि जिल्ह्यातील जेमतेम १७ टक्के लोक नागरी भागात राहत होते; राज्याचे तेव्हाचे प्रमाण ४५ टक्के होते. म्हणजे शहरात येणारा बहुतेक माणूस थेट शेतातून येतो, आणि पायाखाली स्वतःची जमीन असल्याखेरीज त्याला घर घर वाटत नाही. ही भावना आम्ही कमी लेखीत नाही. दुष्काळात ज्याचे शिवार करपले, त्याला शहरातील दोन गुंठे हाच विमा वाटतो. सोन्याखालोखाल भूखंडावर विश्वास ठेवणारा मध्यमवर्ग याच भावनेतून घडला आहे.

परंतु या विश्वासाचा व्यापार झाला आहे. बार्शी लाईट रेल्वेची अरुंद वाट जिल्ह्यातून गेली तीही शहराला बगल देऊन येडशीवरून. जिल्ह्याच्या ठिकाणी आगगाडी यावयास २००७-०८ साल उजाडावे लागले. त्यानंतर सोलापूर-धुळे महामार्ग रुंद झाला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या लोहमार्गास २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. यांतील प्रत्येक गोष्ट शहराच्या हिताचीच आहे. परंतु वार्ता आधी येते, भाव त्यामागोमाग चढतो, आणि प्रत्यक्ष सोय पुष्कळ वर्षांनी अवतरते. या मधल्या काळात ज्याला राहावयाचे नाही तोच भूखंड घेऊन ठेवतो आणि ज्याला राहावयाचे आहे तो आणखी एक मैल दूर ढकलला जातो. आमच्या कोणत्याही नव्या वसाहतीत फेरफटका मारला तर दोन घरांमध्ये चार मोकळे भूखंड आढळतात. त्यांवर वेडी बाभूळ माजते, पावसाळ्यात डबकी साचतात, आणि त्यांचे धनी दुसऱ्याच कोणत्या तरी शहरात बसून भाव वाढण्याची वाट पाहतात. रस्त्याची, दिव्याची आणि नळाची मागणी करणारी घरे विखुरलेली असल्यामुळे त्यांचा आवाजही विखुरलेलाच राहतो.

जुन्या गावगाड्यात शेतीच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणत. पांढरी म्हणजे केवळ घरांची दाटी नव्हे. तिच्यात पाणवठा होता, पार होता, गुरांची वाट होती, सांडपाण्याचा उतार पाहून ठेवलेली आळी होती. आज काळी गुंठ्यागुंठ्याने विकली जाते, परंतु तिची पांढरी होत नाही. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या विक्रीस मनाई केली, तरी विक्री थांबली नाही. ती मुद्रांक कागदावर आणि तोंडी विश्वासावर चालू राहिली. मग २००१ चा गुंठेवारी कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढविण्यात आली, आणि २०२५ मध्ये नागरी क्षेत्रातील तुकड्यांचे जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा निर्णय शासनाने घेतला. ज्याने आयुष्याची पुंजी घालून घर बांधले, त्याच्या डोक्यावरून टांगती तलवार दूर व्हावी, याला आमचा विरोध नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. नियमित होतो तो कागद. रस्ता, गटार आणि जलवाहिनी त्या कागदातून निघत नाहीत. शिवाय आजची माफी हीच उद्याच्या विक्रेत्याची जाहिरात ठरते. 'पुढे सगळे नियमित होते' हे वाक्य ऐकूनच पुढील गिऱ्हाईक बयाणा देते. दोष केला विक्रेत्याने, नफा घेऊन गेला तोच, आणि शिक्षा भोगतो घरमालक, असा हा उफराटा न्याय आहे.

कोणी म्हणेल, स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये झाला, महारेरा २०१७ पासून काम करीत आहे, मग ग्राहकाने सावध का राहू नये? प्रश्न रास्त आहे. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या अथवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही, आणि लहान शहरातील बाजार बव्हंशी याच मर्यादेच्या आत किंवा कायद्याच्या नजरेबाहेर चालतो. शिवाय उर्दू-मोडीतील जुनी दप्तरे, फेरफार आणि वर्गवारी यांचा उलगडा करणे शिकलेल्या माणसालाही अवघड जाते. सावधपणाचा उपदेश ज्याला सर्व कागद सहज मिळतात त्यालाच शोभतो.

पाण्याची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. तेरणेच्या भरवशावर भागेना म्हणून उजनीचे पाणी भीमेच्या खोऱ्यातून शहरात आणावे लागले. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही घटना आपण विसरलो तर तो कृतघ्नपणा ठरेल. तरीही नव्या वसाहतीत घराचा पाया खणण्याआधी विंधनविहीर खणली जाते. एका भूखंडात एक विहीर, शेजारच्या भूखंडात तिच्याहून शंभर फूट खोल दुसरी. शेजारी शेजाऱ्याचे पाणी ओढतो आणि मार्च उजाडताच दोघेही टँकरच्या प्रतीक्षेत एकाच रस्त्यावर उभे राहतात. छतावरचे पावसाचे पाणी मात्र, बांधकाम नकाशात पुनर्भरणाची आकृती दाखविलेली असूनही, गटाराअभावी रस्त्यावरून वाहून जाते.

येथेच शेजारधर्माचा प्रश्न येतो, आणि तो केवळ नगरपरिषदेवर ढकलून सुटणारा नाही. या वसाहतींत शिक्षक, परिचारिका, बसचालक, वकील, निवृत्त कर्मचारी असे सुशिक्षित कुटुंबवत्सल लोक राहतात. त्यांनी कुंपणाच्या भिंती उंच केल्या, परंतु मुलांना खेळण्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेवर कोणाची शेड उभी राहते, इकडे लक्ष दिले नाही. वैद्यकीय महाविद्यालयामुळे भाड्याच्या खोल्यांना मागणी आली; पण खोली दाखविण्याआधी भाडेकरूचे आडनाव विचारण्याची रीत अद्याप गेली नाही. आडनाव ऐकून 'खोली कालच दिली' असे सांगणारा घरमालक सायंकाळी संतांच्या अभंगांवर मान डोलावतो. गोरोबाकाकांच्या तेरपासून अवघ्या काही कोसांवर हे घडते, याची आम्हांस लाज वाटते. गाव सोडताना जे मागे टाकावयास हवे होते ते आपण बरोबर आणले, आणि जे बरोबर आणावयास हवे होते तो पार आणि तो शेजार मागे टाकला.

घर म्हणजे काय, याचा धडा या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्री लोक शिणून झोपले असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील सुमारे आठ हजार माणसे आपल्याच घरांच्या दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली गेली. पुढे लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. ते कार्य मोठे होते. परंतु सरळ रेषेत आखलेल्या त्या रुंद रस्त्यांवर जुन्या आळीची जवळीक परत यावयास वर्षे लागली, काही ठिकाणी ती आलीच नाही. भूकंपापूर्वी हा भाग भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत खालच्या श्रेणीत होता; २००२ च्या सुधारित नकाशाने तो वर आणला. तरीही आज काळ्या, पावसात फुगणाऱ्या जमिनीत उथळ पाया घालून, तळमजल्यावर केवळ खांब ठेवून, वर दोन मजले चढविले जातात आणि अभियंत्याची सही हा एक उपचार मानला जातो. तीस वर्षांत आपली स्मृती इतकी पातळ व्हावी काय?

आमच्या मागण्या साध्या आहेत. महसूल खात्याने शहर व हद्दीलगतच्या प्रत्येक सर्व्हे क्रमांकाची वर्गवारी मराठीतून, नकाशासह, सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. जिची वर्गवारी वादग्रस्त आहे त्या जमिनीचे खरेदीखत नोंदताना खरेदीदारास तसे लेखी कळविण्याची सक्ती असावी. रस्ता, गटार आणि जलवाहिनी प्रत्यक्ष घातल्यावाचून कोणत्याही आखणीतील भूखंडविक्रीस मुभा नसावी. वर्षानुवर्षे मोकळ्या पडलेल्या भूखंडांवर वाढता कर बसवावा आणि ती रक्कम त्याच वसाहतीच्या सुधारणेसाठी खर्चावी. नियमित करून घेतलेल्या वसाहतींच्या सोयींना मुदत ठरवून द्यावी, आणि ती पाळली न गेल्यास जाब विचारण्याचा हक्क रहिवाशांना असावा. रहिवाशांनीही वसाहतीपुरती समिती नेमून मोकळ्या जागा, पुनर्भरण आणि भाडेकरूंशी होणारी वर्तणूक यांची राखण स्वतः करावी. यांतील एकाही गोष्टीसाठी नवे महामंडळ लागत नाही.

२०२३ मध्ये जिल्ह्यास आणि शहरास धाराशिव हे नाव देण्यात आले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. नावाचा प्रश्न जेवढ्या हिरीरीने लढविला गेला, त्याच्या चौथाई हिरीरीने शहराच्या कडेवरील गटाराचा आणि सातबाऱ्याचा प्रश्न लढविला गेला असता, तर आमचा तो विद्यार्थी हिरमुसल्या चेहऱ्याने परत गेला नसता. जाताना तो म्हणाला, पावसाळ्यापूर्वी छताची गळती काढावयाची आहे, पण त्या घरात पैसा घालावा की नाही तेच कळत नाही. स्वतःच्या घराची डागडुजी करावयास ज्या शहरातील प्रामाणिक माणूस कचरतो, त्या शहराच्या कारभाऱ्यांनी आपली झोप उडाली नाही तर ती का उडत नाही, याचा विचार करावा.